पर्डीचं नाव कुणी फोडलं?

१

सोमवारी संध्याकाळी जावई घरात आले ते बूट न काढता तसेच सोफ्यावर बसले. आमच्या नीलाच्या घरात बूट घालून कार्पेटवर पाऊल टाकायची कुणाची हिंमत नाही. तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी मोठं बिनसलंय.

"लिस्ट फुटली," श्रीरंगराव म्हणाले. "हार्लनसाहेबांना वाटतंय मीच फोडली. शुक्रवारपर्यंत कोणी फोडली ते कळलं नाही, तर मला कामावरून काढतील."

नीला मटकन खुर्चीत बसली. नोकरी गेली म्हणजे व्हिसा गेला. व्हिसा गेला की डब्लिन, ओहायोतलं हे हप्त्याचं घर आवरून तिघांनी नागपूरचं विमान धरायचं. मला काय, मी तसाही सामानातलाच. पण नऊ वर्षं या दोघांनी खस्ता खाल्ल्या होत्या.

आधी मी कोण ते सांगतो. मी जगन्नाथ. एकतीस वर्षं रेल्वेच्या व्हिजिलन्समध्ये इन्स्पेक्टर होतो. बायको गेल्यावर, म्हणजे ऑक्टोबर शहाऐंशीत, मुलीने मला इथे आणलं. श्रीरंगराव इथल्या युनिव्हर्सिटीत स्टॅटिस्टिक्स शिकले आणि कोलंबस पायोनिअर्स नावाच्या बेसबॉल क्लबात आकडेमोडीच्या कामाला लागले. हार्लनसाहेब तिथले त्यांचे वरिष्ठ. आपला माणूस बेसबॉलमध्ये! नागपुरात सांगितलं तेव्हा कुणाचा विश्वास बसेना.

ही लिस्ट काय भानगड होती, ते थोडक्यात सांगतो. बेसबॉलमध्ये एकतीस जुलैपर्यंत क्लब एकमेकांशी खेळाडूंची अदलाबदल करतात. आमच्या क्लबला पिचर, म्हणजे आपला गोलंदाज म्हणा, हवा होता. ज्याला गरज आहे त्याला या दिवसांत सगळे लुटायला बसलेले असतात. पैसे मागत नाहीत, तुमची तयार होत आलेली तरुण पोरं मागतात. श्रीरंगरावांचं म्हणणं, नाव झालेल्या पिचरच्या वाटेला जायचंच नाही. ज्याच्या मागचे क्षेत्ररक्षक ढिसाळ आहेत, मैदान लहान आहे, म्हणून ज्याचे आकडे वाईट दिसतात, पण जो स्वतःच्या हिमतीवर बॅटर बाद करतो आणि वाईट चेंडू टाकून फुकटचे बेस देत नाही, असा हेरायचा. त्याच्या क्लबलाही त्याची खरी किंमत ठाऊक नसते. असा एक त्यांनी हेरला होता. रे होबर्ट. पश्चिमेकडच्या एका क्लबात कुजत पडला होता बिचारा.

लिस्टमध्ये होबर्टचं नाव होतं, आणि त्याच्या बदल्यात जास्तीत जास्त कोणती पोरं द्यायची, तेही होतं.

"आज सकाळी हार्लनसाहेबांनी सहज म्हणून त्या क्लबला फोन केला," श्रीरंगराव म्हणाले. "तर समोरचा माणूस हसून म्हणाला, होबर्ट हवा ना? मग केसलर आणि पर्डी, तुमची ही दोन्ही पोरं द्या. बाबा, आम्ही होबर्टचं नावसुद्धा अजून काढलं नव्हतं!"

"लिस्टच्या प्रती किती?"

"तीन. एक साहेबांच्या तिजोरीत, एक डूलीकडे आणि एक माझी, ऑफिसात कुलपात. डूली म्हणजे आमचा जुना स्काउट, गावोगाव फिरून खेळाडू हेरणारा. त्याला मी डोळ्यांसमोर नको असतो."

"मला उद्या या डूलीकडे न्या," मी म्हणालो.

"बाबा, प्लीज," नीला म्हणाली. "हे भुसावळ नाहीये."

"चोर सगळीकडे सारखेच असतात," मी म्हणालो. खरं सांगतो, जावयाच्या जिवावर बेतलं होतं, आणि मला मात्र कित्येक महिन्यांनी हुशारी वाटत होती.

२

कारण इथे दिवसभर मी करतो काय? सकाळी साडेसातला दोघं दोन गाड्या काढून जातात. मग संध्याकाळपर्यंत या रस्त्यावर चिटपाखरू नाही. फुटपाथ स्वच्छ, गवत कापलेलं, आणि माणूस औषधाला नाही. पहिल्या महिन्यात मी कुणाशी तरी बोलायचं म्हणून टेलिफोनवरची वेळ सांगणारी बाई ऐकत असे. हसू नका.

नंतर मी टीव्हीवर बेसबॉल बघायला लागलो आणि कागदावर त्याचा तक्ता मांडायला लागलो. कोण आला, कसा बाद झाला, कितवा चेंडू. एक मॅच, एक कागद. व्हिजिलन्सची सवय.

आणि मग वॉल्टर भेटला. पब्लिक लायब्ररीबाहेरच्या बाकावर. घरापासून चालत पंचवीस मिनिटं. माझ्यासारखाच, बायको गेलेला, वय चौऱ्याहत्तर. आयुष्यभर टायर विकले म्हणाला. माझ्या जगन्नाथचं त्याने 'जॅग' करून टाकलं. दर गुरुवारी दहा वाजता आम्ही बसायचो. त्याचा टीव्ही बिघडलेला होता, म्हणून मी आठवड्याचे माझे तक्ते त्याला नेऊन द्यायचो. तो थर्मासातली कॉफी द्यायचा. तशी भिकार कॉफी मी जन्मात प्यायलो नाही, पण आठवड्यातला तेवढाच एक तास मी मोजत असे. गेल्या गुरुवारी तर हसून हसून पोट दुखलं. त्याआधीच्या रविवारची मॅच नेहमीच्या नऊऐवजी तेरा इनिंग लांबली होती. शेवटी आमचा उजव्या बाजूचा क्षेत्ररक्षक ओल्या गवतावर घसरून कसा फतकल मारून बसला, ते वॉल्टरने बाकावरून उठून करून दाखवलं.

असो. मंगळवारी नीलाने अर्धा दिवस रजा टाकली आणि मला ड्राइव्ह करून स्टेडियमवर नेलं.

डूली पासष्टीचा, गालात तंबाखूची गोळी. मी नमस्कार करायच्या आतच सुरू झाला. "तुमचा जावई माणूस चांगला आहे. पण मी चाळीस वर्षं पिचरचा खांदा बघून सांगतोय. मला त्याच्या कागदाची गरज नाही."

"तुमची प्रत दाखवता?"

त्याने खण ओढला आणि गठ्ठा टेबलावर टाकला. कॉम्प्युटरचे ते लांबलचक कागद एकमेकांना जोडलेले असतात आणि दोन्ही कडांना भोकांच्या पट्ट्या असतात, बघितले असतील तुम्ही. वाचायचे तर पट्ट्या फाडून पानं सुटी करावी लागतात. या गठ्ठ्याची एकही घडी उघडली नव्हती. चिरोट्यासारखे थर, तसेच्या तसे.

"वाचलंच नाहीत?"

"जावयाला सांगू नका," डूली ओशाळून म्हणाला. "वाईट वाटेल त्याला."

डूली सुटला. जो कागद उघडलाच नाही, तो फोडणार कसा?

३

राहिला एकनाथ. हा श्रीरंगरावांच्या कॉलेजचा, इथे पीएचडी करतो, दर रविवारी जेवायला असतो. बेसबॉलचं भयंकर वेड. सहा मित्रांची कागदावरची लीग आहे. खऱ्या खेळाडूंची खोटी टीम बनवायची आणि आपसात अदलाबदल करायची. पोळीचा घास तोंडात असताना श्रीरंगरावांना प्रश्न विचारत असतो. मंगळवारी संध्याकाळी मी त्याला बोलावून घेतलं.

"काका, मी विचारतो खूप, पण हा यार काही सांगेल तर शपथ!" एकनाथ म्हणाला.

"तुझ्या टीममध्ये होबर्ट आहे?"

"होता. शनिवारीच देऊन टाकला. एकदम फालतू पिचर. का?"

श्रीरंगरावांनी कपाळावर हात मारला. मला मात्र उत्तर मिळालं. ज्याने ती लिस्ट पाहिली असती, त्याने होबर्ट छातीशी धरून ठेवला असता. एकनाथही सुटला. आता राहिलं कोण? तिजोरीतून चोरी? तिजोरीची किल्ली फक्त हार्लनसाहेबांकडे.

एकनाथ गेल्यावर मी श्रीरंगरावांना समोर बसवलं. "मला लिस्टमधलं होबर्टचं पान तोंडपाठ सांगा. काय द्यायचं होतं त्याच्या बदल्यात?"

"आधी केसलर. अगदीच अडलं तर केसलर आणि लुंड."

"आणि त्यांनी काय मागितलं?"

"केसलर आणि…" श्रीरंगराव थांबले. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "बाबा, पर्डी! त्यांनी पर्डी मागितला. पर्डी तर लिस्टमध्ये नाहीच!"

"मग पर्डी आला कुठून?"

"पहिल्या प्रिंटमध्ये होता. लिस्ट द्यायच्या आदल्या दिवशी मी एक प्रिंट काढली, तर माझी चूक लक्षात आली. पर्डी फार गुणी पोरगा आहे, तो द्यायचाच नव्हता. मी तिथे लुंड घातला आणि नवीन प्रिंट काढली. ती जुनी कुणीही पाहिलेली नाही. हार्लननी नाही, डूलीनी नाही."

"जुनीचं काय केलंत? ऑफिसात तर कागद फाडायचं मशिन आहे ना?"

श्रीरंगराव हळूच म्हणाले, "दोनच पानं होती. मोठी काट मारली आणि घरी आणली. पाठकोरी होती ना."

४

पाठकोरे कागद. आता हे हार्लनसाहेबाला काय कपाळ समजणार? पण आपल्यापैकी कुणाला समजावून सांगायची गरज नाही. एका बाजूला कोरा असलेला कागद फेकायचा नसतो. आमच्या घरात टेलिफोनखाली एक खोकं आहे, त्यात ते जमा होतात. हा नियम या घरात मीच आणला. आल्या आल्या जावयाला म्हणालो होतो, "अहो, एवढे कागद फेकता? शोभतं का?" तेव्हापासून ते ऑफिसातले जुने, निरुपयोगी कागद इमानाने आणत होते. काट मारलेला कागद त्यांच्या लेखी निरुपयोगीच.

मी खोकं उलटं केलं. ती दोन पानं त्यात नव्हती.

"नीला, गेल्या आठवड्यात या खोक्यातून तू काही घेतलंस?"

"घेतलं की. मालिनीने न्यू जर्सीहून भाजणीची रेसिपी सांगितली फोनवर. फ्रिजवर लावलीय."

फ्रिजवरचा कागद उलटा केला. काट मारलेलं पहिलं पान! पण त्यावर नुसती पाच पिचरांची नावं होती. कोणाच्या बदल्यात काय द्यायचं, ते दुसऱ्या पानावर.

"हा फोन कधी आला होता?"

"रविवारी, परवाच्या नाही, त्याच्या आधीच्या. तुम्ही ओरडला नाही का माझ्यावर, मॅच चाललीय, हळू बोल म्हणून? ती संपतच नव्हती मेली मॅच."

मी हातातला कागद खाली ठेवला.

एका मॅचला मला एक कागद लागतो. त्या रविवारी मॅच तेरा इनिंग गेली आणि माझ्या तक्त्यातली जागा संपली. तेव्हा नीला फोनवर होती आणि वरचा कागद तिने घेतला होता. मी उठलो, खोक्यातला त्याखालचा कागद उचलला आणि उरलेल्या चार इनिंग त्याच्या पाठीवर मांडल्या. आणि गुरुवारी तो कागद मी स्वतःच्या हाताने वॉल्टरला दिला.

एकतीस वर्षं मी लोकांना पकडलं. एखादा कारकून रडायला लागला की मला वैताग यायचा. त्या संध्याकाळी मी जावयासमोर उभा राहिलो. "श्रीरंगराव, मी फोडली," एवढंच म्हणालो.

नीला म्हणाली, "पण बाबा, तो म्हातारा टायरवाला. त्याला काय करायचंय पर्डीशी?"

हेच मीही स्वतःला सांगत होतो. पण डोकं ऐकेना. वॉल्टरचा टीव्ही बिघडलेला. मग क्षेत्ररक्षक कसा घसरला, ते त्याला माहीत कसं? माझ्या तक्त्यात चेंडू कुठे गेला ते असतं, कोण कसा पडला ते नसतं. त्याने मॅच पाहिली होती. ज्याचा टीव्ही धडधाकट आहे, त्याला माझे तक्ते कशाला हवे होते?

म्हणजे त्याला माझी बाजू नकोच होती. मागची हवी होती. मला फार लागलं ते. नोकरीचं पुढचं पुढे, पण ते फार लागलं.

५

बुधवारी मी आणि श्रीरंगराव हार्लनसाहेबांसमोर बसलो. मी काही लपवलं नाही. साहेबांनी डूलीला बोलावून विचारलं, वॉल्टर नावाचा कोणी म्हातारा ऐकलाय का? डूली म्हणाला, एक आहे. पश्चिमेकडच्या त्याच क्लबसाठी इथल्या शाळा-कॉलेजांच्या मॅच बघतो आणि फोनवर कळवतो. काम तसं किरकोळच.

"गोष्ट छान आहे," साहेब म्हणाले. "पण पुरावा? जावयाला वाचवायला सासरा काहीही सांगेल."

त्यांचं बरोबर होतं. मीही तेच म्हटलं असतं.

"पुरावा शुक्रवारी मिळेल," मी म्हणालो. "एक खोटा कागद बनवा. लिहा, की नवीन हिशोबात होबर्टमध्ये दम नाही. मिळालाच तर एक पोरगा द्यायचा, नाहीतर दुसऱ्या क्लबचा पिचर घ्यायचा. पोरगा असा निवडा की ज्याचं नाव या खोलीबाहेर कुणाच्या तोंडी येणार नाही. काट मारा. मी उद्या गुरुवारी त्याला नेऊन देतो. शुक्रवारी त्यांनी तेच नाव घेतलं, तर माझा जावई निर्दोष."

डूली मोठ्याने हसला. "आणि होबर्टही स्वस्तात," तो म्हणाला. त्यांनी डनिंग हे नाव काढलं. सगळ्यात खालच्या पायरीवर खेळणारा पोरगा.

गुरुवारी मी बाकावर पोचलो तेव्हा वॉल्टर आधीच बसलेला होता. मी कागद दिले. वरचा तो. बुधवारच्या मॅचचा तक्ता मी त्याच्या पाठीवर नेहमीसारखाच नीट मांडला होता.

"थकलेला दिसतोस, जॅग," तो म्हणाला.

"झोप नाही."

"एलेन गेली तेव्हा मलाही दोन वर्षं झोप नव्हती," वॉल्टर म्हणाला, आणि पहिल्यांदाच बायकोबद्दल बोलायला लागला. ती दोन कप चहा करायची, एक स्वतःचा आणि एक कुणी आलंच तर म्हणून. कुणी येत नसे. मग मीही माझ्या बायकोबद्दल, शैलाबद्दल बोललो. तिच्या आजारपणाचं मी नीलालाही कधी नीट सांगितलेलं नाही, ते या माणसाला सांगितलं. बारा वाजले तरी आम्ही उठलो नाही. इतकं मी अमेरिकेत कुणाशी बोललेलो नाही. त्याच्या मांडीवर तो कागद होता. दोनदा माझा हात पुढे गेला, परत घ्यावा म्हणून. पण नीलाचा चेहरा डोळ्यांसमोर आला आणि मी हात मागे घेतला.

६

शुक्रवारी, एकतीस जुलैला, दुपारी सव्वातीनला घरी फोन वाजला. श्रीरंगराव होते.

"बाबा, डनिंग! त्यांचा स्वतःहून फोन आला. म्हणाले, डनिंग द्या आणि होबर्ट घेऊन जा. आधी केसलर आणि पर्डी मागत होते, आणि आता नुसता डनिंग! साहेबांनी माझा हात हातात घेऊन माफी मागितली. ग्रीन कार्डचे कागदही पुढच्या महिन्यात करतो म्हणाले."

"छान झालं," मी म्हणालो. "नीलाला कळवा."

फोन ठेवला आणि घरात एकदम शांत झालं.

पुढच्या गुरुवारी जायचं नाही असं ठरवलं होतं. साडेनऊला चपला घातल्या आणि गेलो.

वॉल्टर होता. थर्मास नव्हता. मी बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलो.

"खोटी खबर दिली म्हणून मला काढलं त्यांनी," तो म्हणाला. "चांगला सौदा केलात तुम्ही. होबर्ट हिरा आहे."

"तू टीव्हीबद्दल खोटं बोललास, वॉल्टर. पहिल्या दिवसापासून."

"हो."

"मागची बाजू बघायची होती ना?"

"अकरा आठवडे मी एकही कागद उलटला नाही, जॅग. त्या दिवशी काट एवढी जाड होती की अलीकडे उमटली होती. उलटला आणि मोह झाला. ती माझी चूक. वर्षभरात त्या क्लबने मला उलट एकही फोन केला नव्हता. वाटलं, आता करतील."

"मग तक्ते कशाला मागायचास?"

"तू ते द्यायला यायचास," वॉल्टर म्हणाला.

सगळे धागे बरोबर जुळवले होते, आणि एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. मी कशाला जात होतो त्या बाकावर, एवढं जरी स्वतःला विचारलं असतं तरी कळलं असतं.

तो उठला. टॅम्पाला बहीण असते, तिच्याकडे चाललोय म्हणाला, शनिवारी. मी म्हणालो, "बस की थोडा." तो बसला नाही. हात मिळवला आणि गाड्यांच्या मधून हळूहळू चालत गेला. मी तो दिसेनासा होईपर्यंत बघत होतो.

त्या रात्रीच्या जेवणाला नीलाने श्रीखंड केलं होतं. श्रीरंगराव खुशीत होते. "बाबा, ऑफिसात सगळे विचारतायत, तो हेर सापडला कसा? नक्की कोण होता तो? काय सांगू त्यांना?"

"मित्र होता माझा," मी म्हणालो. "इथला एकच."